एकशे ऐंशी मिनिटांचे भांडवल

व्यापारी घरात पैशाचा हिशेब रोजच्या रोज होतो. दुकान वाढवण्यापूर्वी गल्ला मोजला जातो, रोकड जुळवली जाते आणि चार रुपयांचा फरक निघाला, तरी तो सापडेपर्यंत मुनीम गादीवरून उठत नाही. वेळेचा हिशेब मात्र याच घरांत क्वचित मांडला जातो. वास्तविक काळाची मोजणी जैन परंपरेने फार सूक्ष्मपणे केलेली आहे. काळाचा अविभाज्य अंश तो ‘समय’. असंख्यात समयांची एक आवलिका. आणि असे वाढत जाऊन अठ्ठेचाळीस मिनिटांचा एक मुहूर्त. सामायिकाचा काळ तोच. उत्तराध्ययन सूत्राच्या दहाव्या अध्ययनात भगवान महावीर गौतमस्वामींना पुन्हा पुन्हा सांगतात, ते एका समयाचाही प्रमाद न करण्याविषयीच. स्थानकात वर्षानुवर्षे ऐकलेला हा उपदेश परीक्षेच्या बाकावरही तितकाच लागू पडतो, याची प्रचिती जालन्यातील एका कुटुंबाला २०२५ सालच्या उन्हाळ्यात आली.

घर नव्या मोंढ्यातील आडत व्यापाऱ्याचे. सोयाबीन, तूर, हरभरा आणि मका यांची उलाढाल. तीन पिढ्यांची पेढी. दादाजींनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे, तरी सकाळचे दोन तास ते गादीवर बसतातच. नातीने मात्र अकरावीला विज्ञान शाखा घेतली आणि डॉक्टर होण्याचा ध्यास धरला. घरात तिच्याआधी तिच्या भैयाने २०२४ मध्ये ‘नीट’ दिली होती. त्याला वैद्यकीय प्रवेश मिळाला नाही आणि तो फार्मसीकडे वळला. त्यामुळे या वेळी पप्पांनी आरंभीच स्पष्ट केले होते : एकदा मनापासून प्रयत्न करावा, नाही जमले तर बी.कॉम. करून सी.ए.ची वाट धरावी. मुलीने ते मान्य केले होते. म्हणजे तिच्या हाती एकच डाव होता.

तयारीसाठी तिला भैयाचे वेळापत्रक वारशाने मिळाले. २०२१ ते २०२४ या चार वर्षांत ‘नीट’च्या प्रश्नपत्रिकेत दोनशे प्रश्न असत आणि त्यांतील एकशे ऐंशी सोडवायचे असत. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र या प्रत्येकात ‘अ’ भागातील पस्तीस प्रश्न सक्तीचे, तर ‘ब’ भागातील पंधरांपैकी कोणतेही दहा. २०२२ पासून त्यासाठी दोनशे मिनिटे मिळू लागली होती. भैयाने त्या दोनशे मिनिटांची वाटणी करून ठेवली होती : भौतिकशास्त्राला सत्तर, रसायनशास्त्राला साठ, जीवशास्त्राला साठ आणि शेवटी दहा हातात. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय परीक्षा संस्थेने, म्हणजे एनटीएने, जुनी पद्धत परत आणली. आता प्रश्न एकशे ऐंशी आणि सर्व सक्तीचे. वेळ एकशे ऐंशी मिनिटे. निवडीची सवलत गेली आणि वीस मिनिटेही गेली. परीक्षा अवघ्या तीन महिन्यांवर होती.

ही वीस मिनिटे कोठून कापावीत, या प्रश्नाचे उत्तर मुलीने जे काढले, ते वरवर पाहता शहाणपणाचे होते. जीवशास्त्र उत्तम येते, ते लवकर होईल. तेव्हा तेथूनच कापावीत. भौतिकशास्त्र अवघड, म्हणून मन ताजे असताना ते आधी उरकावे. फेब्रुवारीतील सराव परीक्षांत याचा परिणाम दिसू लागला. भौतिकशास्त्र सत्तर मिनिटांत आटोपत नसे; ते नव्वदपर्यंत जाई. रसायनशास्त्र धावत होई. आणि जीवशास्त्राचे, जे तिला सर्वांत चांगले येत होते, पंधरा-वीस प्रश्न वाचण्यापूर्वीच घंटा होई. गुण दर आठवड्याला कमी होत गेले.

घरात जो तो आपापल्या परीने निदान करू लागला. पप्पा म्हणाले, अभ्यास कमी पडतो आहे. काकांनी कोट्याचा विषय काढला. मम्मी काही बोलली नाही. रात्री चौविहारानंतर ती मुलीच्या खोलीत नुसतीच बसून राही. सर्वांत वाईट निष्कर्ष मुलीने स्वतःच काढला होता. आपली बुद्धीच तेवढी नाही, असे तिला वाटू लागले होते.

अशा वेळी दादाजींनी तिला एक साधा प्रश्न विचारला. “बेटा, माल किती आला, विकला किती गेला आणि गोदामात पडून किती राहिला, एवढे मला सांग.” तिला सांगता येईना. तिच्याजवळ फक्त एकूण गुण होते. दादाजींनी कपाटातून लाल कापडी बांधणीची एक कोरी वही काढली आणि तीत चार रकाने आखले : प्रश्नाचा क्रमांक, लागलेली मिनिटे, बरोबर की चूक, मिळालेले गुण. पुढच्या रविवारी तिने घरीच पूर्ण पेपर सोडवला. भैया मोबाइलवर वेळ लावून शेजारी बसला आणि प्रत्येक प्रश्नावरून ती उठली, तो क्षण टिपत गेला.

संध्याकाळी वही वाचली गेली, तेव्हा रोग कोठे आहे ते उघड झाले. भौतिकशास्त्रातील सात प्रश्नांनी मिळून एकतीस मिनिटे खाल्ली होती. त्यांतले दोन बरोबर आले, पाच चुकले. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा, या नियमाने त्या एकतीस मिनिटांची कमाई आठ वजा पाच, म्हणजे तीन गुण. त्याच पेपरात जीवशास्त्राचे एकोणीस प्रश्न न वाचताच राहिले होते. दुसऱ्या दिवशी ते तिने सोडवले, तेव्हा अकरा मिनिटे लागली. सोळा बरोबर आले, तीन चुकले. गुण एकसष्ट. तीन गुण मिळवण्यासाठी एकसष्ट गुण गोदामात पडून राहिले होते. ज्ञान कमी नव्हते. भांडवल चुकीच्या मालात अडकले होते.

दादाजींनी तिला लिलावाची रीत सांगितली. मोंढ्यात सकाळी पन्नास ढिगांचा लिलाव असतो. व्यापारी एका ढिगापाशी हट्टाने उभा राहिला, तर तो ढीग त्याला मिळेलही. पण तेवढ्यात पुढचे दहा ढीग दुसऱ्यांच्या नावे लागलेले असतात. “आणि तुझ्या बाजारात तर गंमत आहे,” ते म्हणाले, “प्रत्येक ढिगाचा विक्रीचा भाव एकच, चार गुण. खरेदी मात्र कुठे अर्ध्या मिनिटाची, कुठे पाच मिनिटांची. मग स्वस्त माल आधी उचलायचा की महाग?”

हे कळायला सोपे आहे, अंगी बाणायला अवघड. प्रश्न सोडणे कठीण जाते, कारण त्यात आधीच चार मिनिटे घातलेली असतात. आता सोडले तर ती वाया गेली, असे वाटते आणि माणूस पाचवे मिनिटही घालतो. चढ्या भावात घेतलेले सोयाबीन भाव उतरत असतानाही जो व्यापारी धरून ठेवतो, त्याची स्थिती हीच असते. खरेदीचा भाव त्याच्या डोक्यातून जात नाही. अनुभवी आडत्या मात्र आजचा भाव पाहतो. या क्षणी हाती असलेले पुढचे मिनिट कोठे लावले असता चार गुण येतील, एवढाच प्रश्न परीक्षार्थीनेही स्वतःला विचारायचा असतो. त्यासाठी त्या घरात एक नियम ठरला : दीड मिनिटात उत्तराची वाट दिसली नाही, तर प्रश्नाभोवती गोल करून पुढे जायचे. परत यायला दुसरी फेरी आहेच.

क्रमही बदलला. जीवशास्त्राचे नव्वद प्रश्न आधी. त्यासाठी किती वेळ ठेवावा, याचे उत्तर दादींच्या सामायिकाच्या वाळूच्या घड्याळात मिळाले. ते घड्याळ एका मुहूर्ताचे, अठ्ठेचाळीस मिनिटांचे. नव्वद प्रश्नांना अठ्ठेचाळीस मिनिटे, म्हणजे प्रत्येकी बत्तीस सेकंद. पाठ्यपुस्तकाच्या ओळी ज्याला मुखोद्गत आहेत, त्याला बहुतेक प्रश्नांसाठी त्याहून कमी वेळ लागतो. जोड्या लावा किंवा विधान आणि कारण अशा प्रश्नांना जास्त लागतो आणि सरासरी जुळते. मार्चभर दुपारी दोन वाजता दादी मुहपत्ती बांधून सामायिकात बसत, वाळू सुटे आणि त्याच खोलीत नात जीवशास्त्राला बसे. अठ्ठेचाळीस मिनिटे कोणी बोलत नसे, फोन वाजत नसे, कोणी पाण्यालाही उठत नसे. पहिल्या दिवशी वाळू संपली, तेव्हा एकसष्ट प्रश्न झाले होते. महिनाअखेर नव्वद होऊ लागले.

पुढची वाटणी अशी झाली : रसायनशास्त्राला पंचेचाळीस मिनिटे, भौतिकशास्त्राला साठ. बेरीज एकशे त्रेपन्न. उत्तरपत्रिकेतील वर्तुळे भरण्याचा खर्च बहुतेक विद्यार्थी धरतच नाहीत. एका वर्तुळाला पाच सेकंद धरले, तरी एकशे ऐंशींना पंधरा मिनिटे लागतात. वर्तुळे बॉलपेनने भरायची असल्याने खोडण्याची सोय नाही. सारी वर्तुळे शेवटच्या दहा मिनिटांवर टाकली आणि एक ओळ सरकली, तर पुढची सगळी बरोबर उत्तरे चुकीच्या जागी जातात. म्हणून प्रश्नपुस्तिकेचे एक पान सोडवले की त्या पानाची वर्तुळे लगेच भरायची, अशी तिची सवय झाली. एकशे अडुसष्ट मिनिटे खर्ची पडली, बारा शिल्लक. ती दुसऱ्या फेरीची ठेव.

एप्रिलपासून वाळूचे घड्याळ कपाटात गेले. परीक्षेला मनगटी घड्याळ नेता येत नाही. खोलीतील भिंतीवरच्या घड्याळावरच भागवावे लागते. तेव्हा सरावही तसाच हवा, म्हणून बैठकीतील भिंतीवरचे घड्याळ तिच्या खोलीत लागले. पेपर दुपारी दोनला सुरू होतो आणि केंद्राचे फाटक दीडला बंद होते, हे धरून घरातील रविवारचे जेवण साडेअकराला होऊ लागले. जेवणानंतर डोळा लागण्याच्या वेळी तीन तास सावध बसणे ही वेगळीच साधना असते आणि तीही सरावानेच येते. मराठी भाषा निवडणाऱ्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्यांच्या पुस्तिकेत मराठी आणि इंग्रजी असा दोन्ही मजकूर असतो. प्रत्येक प्रश्न दोन्ही भाषांत वाचायचा मोह झाला, तर वाचनाचाच खर्च दुप्पट होतो. एकच भाषा वाचावी. शंका आली तरच दुसरीकडे पाहावे.

अंदाजाने उत्तर द्यावे की नाही, यावर घरात बराच खल झाला. येथेही वहीच कामी आली. चार पर्यायांपैकी एकही नाकारता येत नसेल, तर अशा वीस प्रश्नांत सरासरीने पाच बरोबर, पंधरा चूक. वीस वजा पंधरा, म्हणजे हाती पाच गुण, आणि नशीब फिरले तर तेही नाहीत, उलट तोटा. दोन पर्याय खात्रीने नाकारता येत असतील, तर वीसांत दहा बरोबर, दहा चूक. चाळीस वजा दहा, म्हणजे तीस गुण. पहिला सट्टा, दुसरा व्यापार. तिने ठरवले की किमान दोन पर्याय कटले तरच वर्तुळ भरायचे. महाराष्ट्राच्या सीईटीचा हिशेब मात्र निराळा आहे. ती परीक्षा संगणकावर होते आणि तीत चुकीला गुण कापले जात नाहीत. भौतिक आणि रसायन मिळून शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत, जीवशास्त्राचे शंभर प्रश्न पुढच्या नव्वद मिनिटांत. म्हणजे प्रश्नामागे चौपन्न सेकंद. तेथे एकही प्रश्न कोरा ठेवण्यात अर्थ नाही. दोन्ही परीक्षा देणाऱ्या मुलांनी हे दोन बाजार मनात वेगळे ठेवले पाहिजेत.

एवढे करूनही काही वेळ आपल्या हाती नसतोच. ५ मे २०२४ च्या परीक्षेत सहा केंद्रांवर विद्यार्थ्यांचा वेळ वाया गेला. त्याची भरपाई म्हणून १५६३ विद्यार्थ्यांना वाढीव गुण देण्यात आले आणि निकालात ७१८, ७१९ असे गुण दिसले. चार अधिक आणि एक वजा या पद्धतीत असे गुण पडूच शकत नाहीत : एक प्रश्न सोडला तर ७१६, एक चुकला तर ७१५. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. वाढीव गुण रद्द झाले आणि त्या विद्यार्थ्यांना २३ जूनच्या फेरपरीक्षेचा पर्याय दिला गेला. ८१३ जण तिला बसले. गेलेल्या मिनिटांचे गुणांत रूपांतर करणे देशाच्या यंत्रणेलाही साधले नाही, एवढे यावरून समजावे. म्हणून पुस्तिका उशिरा मिळाली, पान फाटलेले निघाले किंवा घड्याळ बंद दिसले, तर संकोच न करता त्याच क्षणी हात वर करावा. घरी येऊन केलेली तक्रार बहुधा उशिराची ठरते. विशेषतः मुलींना मोठ्यांसमोर न बोलण्याचे जे वळण घरात लावले जाते, ते परीक्षागृहात बाजूला ठेवायला पालकांनीच सांगितले पाहिजे.

४ मे २०२५, रविवार. जालन्याचे ऊन मे महिन्यात असते तसेच होते. जीवशास्त्र अठ्ठेचाळीसऐवजी बावन्न मिनिटांत झाले, रसायनशास्त्रही थोडे लांबले. त्यानंतर भौतिकशास्त्र उघडले. त्या वर्षीचा तो भाग किती कठीण आणि लांबलचक होता, याची चर्चा पुढे देशभर झाली. तिने पहिल्या फेरीत एकवीस प्रश्न केले. दुसऱ्या फेरीत आणखी दहा. उरलेल्या चौदांवर गोल तसेच राहिले आणि घंटा झाली.

घरी आल्यावर काकूंनी विचारले, “किती सोडले?” ती म्हणाली, “चौदा.” बैठकीत शांतता पसरली. चौदा चोक छप्पन, हा हिशेब व्यापारी घरात कोणाला करून द्यावा लागत नाही. दादाजींनी मात्र दुसराच प्रश्न केला : “जीवशास्त्रातले किती राहिले?” “एकही नाही.” त्यांनी मान डोलावली आणि जेवायला वाढायला सांगितले. निकाल १४ जूनला लागला. देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला त्या वर्षी ७२० पैकी ६८६ गुण होते. म्हणजे चौतीस गुण त्यालाही सोडावे लागले होते. फेब्रुवारीत जिच्याविषयी घराने आशा सोडली होती, ती मुलगी गुणवत्ता यादीत बरीच वर होती. एम.बी.बी.एस.ची शासकीय जागा मात्र थोडक्यात हुकली. २०२४ मध्ये जालन्यातच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले होते. तेथे प्रवेश मिळावा, हे दादींचे स्वप्न अपुरे राहिले. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जागा मिळत होती.

आता पप्पांचा निश्चय डळमळला. एवढे जवळ आलो, तर आणखी एक वर्ष द्यावे. एकाच प्रयत्नाची अट आपण मागे घेतो, असे ते म्हणाले. मुलीने दोन दिवस मागून घेतले. त्या लाल वहीच्या शेवटच्या पानावर तिने पुन्हा रकाने आखले : एक वर्ष, त्याचा खर्च, त्यातून वाढू शकणारे गुण आणि न वाढल्यास काय. एम.बी.बी.एस. ची इच्छा तिच्या मनातून गेली नव्हती. तरीही तिने दंतवैद्यकाचा प्रवेश घेतला. तिचे उत्तर बरोबर होते की नाही, हे आज कोणी सांगू शकत नाही. दुसऱ्या घरात, दुसऱ्या मुलासाठी आणखी एक वर्ष देणेच योग्य ठरेल. पण तो निर्णय तिने रडून किंवा रागाने घेतला नाही, हिशेब मांडून घेतला, याचे समाधान पप्पांनाही वाटले.

ज्या घरांत पुढील वर्षी परीक्षा आहे, तेथे फार मोठा खर्च न करता एवढे करता येईल. आठवड्यातून एकदा परीक्षेच्याच वेळी, परीक्षेच्याच शांततेत पूर्ण पेपर सोडवू द्यावा. त्या तीन तासांत पाहुणे, फोन आणि दुकानाचे निरोप दाराबाहेर थांबावेत. पेपर झाल्यावर ‘किती गुण पडले’ हा प्रश्न अर्धा तास गिळावा आणि ‘कोणत्या प्रश्नाने जास्त वेळ खाल्ला’ हे आधी विचारावे. पहिल्या प्रश्नाने मूल मान खाली घालते. दुसऱ्याने ते वही उघडते.

ती लाल वही सध्या धाकट्या चुलतभावाकडे आहे. तो यंदा सीईटीच्या तयारीत आहे, आणि तीतले दीड मिनिट खोडून त्याने चौपन्न सेकंद लिहिले आहेत.